पट, हजेरी आणि एकसष्टावे मूल

प्रश्न असा आला आहे : "मी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. त्याची मुलगी दोन दिवस तापाने घरी राहिली तर शाळेतून लगेच फोन. तिकडे म्हणे मूल जितके दिवस वर्गात बसेल तितक्याच दिवसांचे पैसे शाळेला मिळतात. आपल्याकडे पटावर शिक्षक, पटावर अनुदान, म्हणून तर पट फुगवतात. आपणही हजेरीवर पैसे द्यायला लागलो तर हा बोगसपणा एका वर्षात संपणार नाही का?"

अध्यक्षसाहेब, नाही संपणार. पट, म्हणजे शाळेत नावे नोंदलेल्या मुलांचा आकडा, फुगवणे थांबेल आणि हजेरी फुगवणे सुरू होईल. शिवाय ज्या शाळांनी काहीच लबाडी केली नाही, त्या आधी मोडतील. मी मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी म्हणून लागलो, पुढे केंद्रप्रमुख झालो, विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. चौतीस वर्षांतली निम्मी नोकरी दुसऱ्यांचे कॅटलॉग, म्हणजे हजेरीच्या वह्या, उघडून बघण्यात गेली, तेव्हा जरा सविस्तरच सांगतो.

आधी एक दुरुस्ती. आपल्याकडे सगळे पटावर चालते, हे अर्धेच खरे आहे. शिक्षक किती मिळणार ते संच मान्यतेत ठरते आणि संच मान्यता पटावर होते. बरीच वर्षे त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरत आले आहेत. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून शाळेला वर्षाला जे संयुक्त अनुदान येते तेही पटावर : ३० मुलांपर्यंत १० हजार, त्यापुढे १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार. पुस्तके आणि गणवेशही पटावरच.

पण खिचडी? ती हजेरीवर. जितकी मुले जेवली तितका तांदूळ खर्ची पडतो. पहिली ते पाचवीला ताटामागे १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. इंधन-भाजीपाल्याचे पैसेही ताटामागेच. दारिद्र्यरेषेखालच्या मागास प्रवर्गातल्या मुलींचा उपस्थिती भत्ताही हजेरीवर : ७५ टक्के हजेरी भरली तर दिवसाला एक रुपया. (१९९२ साली एक रुपया होता. चहा कितीला मिळत होता तेव्हा, आठवून बघा.) म्हणजे तुम्ही सुचवता तो प्रयोग आपल्या प्रत्येक शाळेत, त्याच छपराखाली, कित्येक वर्षे चालू आहे. एका वहीवर पटाचा पैसा, दुसऱ्या वहीवर हजेरीचा. दोन्ही वह्या मी तपासल्या आहेत, आणि हजेरीची वही पटाच्या वहीपेक्षा जास्त खरी असते असा माझा अनुभव नाही.

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राने पोषण आहाराची योजना आणली तेव्हा शाळेत काही शिजत नव्हते. मुलाने महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायचा, आणि त्यासाठी ८० टक्के हजेरीची अट. मी तेव्हा वर्गावर होतो. त्या काळातले आमच्या भागातले कॅटलॉग आज कुणी अभ्यासकाने उघडले, तर त्याला वाटेल या मुलांना कधी तापच येत नसावा. आणि मी साळसूदपणे दुसऱ्यांवर बोट दाखवणार नाही. महिन्यात कामाचे दिवस २५, पोराचे भरले १८, हवेत २०. त्याची आजी पिशवी घेऊन सकाळपासून व्हरांड्यात बसलेली. मी दोन गैरहजेऱ्या खोडून हजेऱ्या केल्या. आजही तोच प्रसंग आला तर तेच करीन. पण त्या दिवसापासून माझा कॅटलॉग कोण आले हे सांगायचा बंद झाला आणि कुणाला तांदूळ द्यायचा हे सांगू लागला. ही दोन कामे एकाच वहीला दिली की पहिले काम मरते.

पुढे नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि तांदळाऐवजी शिजवलेले अन्न देणे आले. केंद्रप्रमुख असताना एका शाळेत भर दुपारी गेलो. कॅटलॉगमध्ये ४१ हजर, खिचडीच्या नोंदवहीत ५८. सतरा ताटे हवेत जेवली. मुख्याध्यापक घाबरले नाहीत, उलट मला कोठीत घेऊन गेले आणि तांदळाची गोणी काट्यावर ठेवली. कागदावर ५० किलो, काट्यावर ४७ ला जेमतेम. "साहेब, ही तीन किलोची तूट मी कुठे दाखवू? गोणी कमी आली असे लिहिले तर चौकशी माझीच." म्हणून रोज दहा-पंधरा मुले जास्त जेवत होती. त्यात चोर कोण हे मला त्या दिवशीही ठरवता आले नाही. एवढे मात्र कळले की मुलामागे दिवसाला काही रुपयांचा हिशेब असतानाही हजेरी वाकते. तिच्यावर शिक्षकांचे पगार टांगले तर काय होईल, तुम्हीच बघा.

आता पटाकडे. पट फुगतो हे खरे आहे, ते मी नाकारत नाही. पण तो का फुगतो याचे उत्तर लोक "पटावर पैसे मिळतात म्हणून" असे देतात, तिथे माझा मतभेद आहे. तो फुगतो पायऱ्यांमुळे.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी आकडे दिले आहेत : ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. राज्याच्या शासन निर्णयांनी हे आकडे वेळोवेळी हलवले, मार्च २०२४ च्या निर्णयाने तर चांगलेच हलवले, पण पायऱ्या त्या पायऱ्याच राहिल्या. साठावे मूल आणि एकसष्टावे मूल यांच्यात फरक एका शिक्षकाचा. त्या शिक्षकाचा पगार वर्षाला सात-आठ लाख धरा. म्हणजे चाळीसचे पंचेचाळीस झाले तर कुणाला काही मिळत नाही, पण साठचे एकसष्ट झाले तर आठ लाख. अशी पायरी बांधली की तिच्या कडेवर कुणीतरी उभे राहून हात पुढे करणारच. खाजगी अनुदानित हायस्कुलांत याच खेळाला "तुकडी टिकवणे" म्हणतात. जून महिन्यात तिथले शिक्षक गावोगाव मुले गोळा करत फिरतात, आणि आपली तुकडी तुटली तर आपण अतिरिक्त ठरू, समायोजनात कुठल्या कुठे जाऊ, हे प्रत्येकाला पाठ असते.

एका वाडीवरच्या शाळेत असेच एकसष्टावे मूल मला सापडले होते. तिसरीतली मुलगी. आईबाप पुण्याकडे बांधकामावर गेलेले, दाखला मागायला कुणी आलेले नाही. नाव पटावर, जागा रिकामी. मुख्याध्यापकांनी नाव कमी केले असते तर तिसरी शिक्षिका गेली असती, आणि ती बाई पहिलीचा वर्ग अशी शिकवायची की बघत राहावे. कायद्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही. मी शेरा काय लिहिला? "पालकांशी संपर्क साधावा." अधिकारी लोक कचरतात तेव्हा असाच शेरा लिहितात.

ती मुलगी बोगस नव्हती. गैरहजर होती. माझे सगळे उत्तर या दोन शब्दांतल्या फरकावर उभे आहे, आणि हाच फरक आपण राज्यभर एकदा पार पुसून टाकला होता.

२०११ ची पटपडताळणी तुम्हाला आठवत असेल. आधी नांदेड जिल्ह्यात झाली, मग ३ ते ५ ऑक्टोबरला सगळ्या राज्यात. महसूलची माणसे शाळेत, मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई, म्हणजे एका शाळेतली मुले दुसऱ्या शाळेत नेऊन बसवता येऊ नयेत. पटावरची सुमारे २० लाख मुले त्या दिवसांत जागेवर सापडली नाहीत. चौदाशेवर शाळांमध्ये निम्म्याहून जास्त मुले गैरहजर. वर्तमानपत्रांत मथळे आले, "२० लाख बोगस विद्यार्थी". प्रकरण न्यायालयात गेले, पुढे कितीतरी वर्षे चालले.

मी त्या मोहिमेच्या बाजूचा होतो. कागदावरच्या शाळा, नुसत्या पाट्या असलेली वसतिगृहे त्यात उघडी पडली, आणि ज्या संस्थाचालकांना हात लावायची कुणाची छाती नव्हती त्यांच्या दारात तहसीलदार उभा राहिला. पण ५ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी दसरा होता. आमच्या भागात नवरात्रात घरोघरी देव बसलेले, कुणी तुळजापूरला पायी गेलेले, कुणी सोयाबीन काढायला आईबापाबरोबर शेतात. त्या दिवशी जे पोर शेतात होते ते आणि जे पोर जगात कुठेच नव्हते ते, दोन्ही एकाच रकान्यात गेले. २० लाखांतली जन्मालाच न आलेली किती आणि सोयाबीनच्या रानात असलेली किती, हे एका दिवसाच्या मोजणीतून सांगताच येत नाही. हजेरीवर पैसे देणे म्हणजे हीच चूक रोज करणे.

आता ऊसतोडीचे गाव घ्या. बीडकडची अशी गावे मी जवळून पाहिली आहेत. समजा पट ६४. जूनपासून दिवाळीपर्यंत रोज ६० च्या आसपास मुले येतात. दिवाळी झाली की गाड्या लागतात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि जोडीबरोबर पोरे. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. मागे उरतात ३४. परत यायला मार्च-एप्रिल. वर्षाचे २२० दिवस धरले, पहिले १०० दिवस ६० मुले आणि पुढचे १२० दिवस ३४, तर वर्षाची सरासरी हजेरी ४६ पण भरत नाही. पटावर या शाळेला तीन शिक्षक, हजेरीवर दोन. पाच वर्ग, दोन शिक्षक, त्यातला एक बीएलओ म्हणून मतदार यादीच्या कामाला.

आणि गंमत बघा, शिक्षक कधी जातो? उसाच्या फडावरून तीस पोरे चार-पाच महिन्यांचा अभ्यास बुडवून परत येतात, त्यांना सगळ्यात जास्त शिकवायची गरज असते, तेव्हाच. ३० सप्टेंबर ही तारीख कुणी का ठरवली असेल ती असो, पण या गावांना तिने वाचवले आहे. ती दिवाळीच्या आधी येते, गाव भरलेले असते. तीच मुले जानेवारीत दुसऱ्या कुठल्या सर्वेक्षणात "शाळाबाह्य" म्हणून मोजली जातात, कारण आपल्या व्याख्येत सलग एक महिना गैरहजर राहिलेले मूल शाळाबाह्य ठरते. एकच पोर सप्टेंबरात पटावर, जानेवारीत शाळाबाह्य, एप्रिलमध्ये पुन्हा वर्गात.

त्या ३४ मुलांच्या काळात शाळेचा खर्च किती कमी होतो? मुले निम्मी आली म्हणून पगार निम्मा होत नाही. विजेचे बिल तेच. पाण्याची टाकी तीच, छत तेवढेच गळते. शाळेचा खर्च वर्गावर असतो, डोक्यावर नसतो. खिचडीचा तांदूळ तेवढा वाचतो, म्हणून ती हजेरीवर असणे मला पटते. जे खरोखर ताटागणिक खर्च होते ते ताटागणिक मोजा. पगार ताटागणिक खर्च होत नाही.

आता तुमच्या भाच्याच्या कॅलिफोर्नियाबद्दल. तो सांगतो ते बरोबर आहे, पण पूर्ण नाही. अमेरिकेतली बहुतेक राज्ये पैसे पटावरच देतात, कुणी एका दिवसाच्या, कुणी वर्षभराच्या सरासरी पटावर. हजेरीवर देणारी कॅलिफोर्निया, टेक्सास अशी मोजकीच. त्यांतूनही बाहेर पडणे चालू आहे : इलिनॉयने २०१७ मध्ये हजेरी सोडून पट धरला, मिसिसिपीने २०२४ मध्ये.

कॅलिफोर्नियात एकेकाळी रजेचा अर्ज देऊन घरी राहिलेले मूल हजर धरत असत. १९९८-९९ पासून ते बंद झाले. आता ताप असो की मयत, वर्गात नाही म्हणजे पैसे नाहीत. म्हणून तो फोन. वर्षाच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या हजेरीची सरासरी काढतात आणि मुख्य अनुदान त्यावर ठरते. ते मुलागणिक आहे, त्यात आपल्यासारखी एकसष्टाची पायरी नाही. एक मूल एक दिवस आले नाही तर थोडेसेच कमी होते. ही त्यांची गोष्ट मला आवडते, आणि आपण काही उचलायचेच तर ती सरळ चढण उचलावी. दुसरेही मान्य करतो : शाळा पालकाला फोन करते. आपल्याकडे मूल आठ दिवस आले नाही तरी कुणी विचारत नाही, असे कितीदा होते.

पण त्या पद्धतीचा ताण कुठे पडतो ते बघा. २०१३ पासून तिथे नवे सूत्र आहे, त्यात गरीब घरची, पालनगृहातली आणि इंग्रजी न येणारी मुले जास्त असलेल्या शाळा-जिल्ह्यांना (तिकडे शाळा चालवणारी स्थानिक संस्था) जास्त पैसे मिळतात. अशी मुले किती टक्के, हे मोजतात पटावरून, ऑक्टोबरात. आणि रक्कम गुणतात हजेरीने. म्हणजे गरिबी बघून एका हाताने वाढवलेले दुसऱ्या हाताने कापायचे, कारण गैरहजेरीही त्याच घरांत जास्त असते. बस चुकली, धाकट्याला सांभाळायचे आहे, दम्याचा त्रास आहे. कोविडनंतर तर हे टोकाला गेले. शाळेचे १० टक्के दिवस किंवा जास्त बुडवणारी मुले तिथे २०१८-१९ मध्ये १२ टक्क्यांच्या आसपास होती, २०२१-२२ मध्ये ३० टक्के झाली. मुलांना परत आणायला माणसे लागत होती, आणि माणसे ठेवायचे पैसे मुले न आल्यामुळेच कापले जाणार होते. शेवटी सरकारला सवलत द्यावी लागली : चालू वर्षाची हजेरी, मागच्या वर्षाची, किंवा मागच्या तीन वर्षांची सरासरी, यांत जी जास्त ती धरा. २०२२ मध्ये सिनेटर अँथनी पोर्टँटिनो यांनी पटाइतके पैसे देण्याचे विधेयकही आणले, पण ते काही कायद्यापर्यंत पोचले नाही. वाद अजून चालूच आहे.

हजेरीवरचा पैसा ही काही तिकडची नवी युक्ती नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी नियम केला होता, मुलामागे ४ शिलिंग हजेरीवर आणि ८ शिलिंग वार्षिक तपासणीत पास झाल्यावर. तपासनिसाच्या दिवशी आजारी पोरेसुद्धा शाळेत आणून बसवत. आपल्या मुंबई इलाख्यातही त्याच दशकात निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली होती. आमच्या शिक्षण खात्याच्या रक्तातच तपासनीस आहे तो तेव्हापासूनचा असावा.

तुम्ही म्हणाल, आता यंत्रे आहेत, आधार आहे, कॅटलॉग खोडता येत नाही. आधारने एक काम नक्की केले. एकच मूल दोन शाळांच्या पटावर, हा प्रकार फार कमी झाला. पण संच मान्यतेसाठी आधार वैध असलेलीच मुले धरायला लागल्यावर खरी मुलेही गळली. जन्मतारखेत एक दिवसाचा फरक, नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, आणि समोर बाकावर बसलेले पोर संगणकावर अवैध. मी निवृत्तीच्या सुमाराला पाहिले ते हे : गुरुजी शिकवायचे सोडून मुलांना दुचाकीवर बसवून तालुक्याच्या आधार केंद्रावर नेत होते. पदरमोड करून.

उलट आधार शंभर टक्के वैध, नाव खरे, पोर जिवंत, आणि वर्गात कधीच नाही, असेही असते. अकरावी-बारावी विज्ञानाची "नावापुरती" ॲडमिशन घ्या. कॉलेज एका गावात, मुलगा दिवसभर क्लासला भलत्याच शहरात. २०१८ मध्ये सरकारने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. मी नंतर ज्या दोन-तीन कॉलेजांत गेलो तिथे ते यंत्र भिंतीवर होते, एवढेच म्हणतो. इथे मात्र माझे मत वेगळे आहे. पैसेवाल्या घरातले पोर ठरवून कॉलेजात जात नाही आणि त्याच्या नावावर तुकडी टिकते, तिथे हजेरी बघून तुकडी तोडा, मला वाईट वाटणार नाही. प्राथमिक शाळेतले गैरहजर पोर आणि हे, यांना एक नियम लावू नका.

मग करायचे काय? सगळे सरकारला सांगून होणारे नाही, पण विचारलेत म्हणून सांगतो. पैसे पटावरच द्यावेत. पट खरा आहे का, हे तपासायला हजेरी वापरावी, पण एका दिवसाची नव्हे. वर्षातून न सांगता तीन भेटी, तपासणारा दुसऱ्या तालुक्यातला, आणि तिन्हींपैकी एका जरी भेटीत पोर दिसले तर ते खरे. एकदाही दिसले नाही तर त्याच्या घरी जायचे, नाव कापायचे नंतर. जो एप्रिलमध्ये फडावरून परत येतो तो एप्रिलच्या भेटीत दिसतो, जो कागदावरच जन्मला तो कुठल्याच भेटीत दिसत नाही. माणूसबळ लागेल, हो. पण २०११ ला तीन दिवसांत अख्खे राज्य मोजले होते, तेव्हा माणसे मिळाली होती.

पायऱ्या काढून टाकता आल्या तर फार बरे. एकसष्टाव्या मुलावर अख्खा शिक्षक ठेवण्यापेक्षा तीन वर्षांच्या सरासरी पटावर पद ठरवा. एक पोर गेले म्हणून बाई जाणार नाही, आणि एक पोर लिहिले म्हणून बाई मिळणारही नाही. मग कशाला कुणी लिहील?

आणि हजेरी घसरली की पैसे कापायचे नाहीत, पाठवायचे. हंगामी वसतिगृहाची योजना हेच करते : आईबाप ऊसतोडीला गेले तरी पोर गावात आजीजवळ राहते, त्याच्या जेवणाची सोय शाळेच्या आधाराने होते. जिथे ती वेळेवर सुरू झाली तिथे मी स्वतः निम्मी पोरे थांबलेली पाहिली आहेत. पण मंजुरी यायची डिसेंबरात, आणि गाड्या निघून जायच्या नोव्हेंबरात. रिकाम्या वर्गासमोर मंजुरीचे पत्र घेऊन उभा राहिलेला मुख्याध्यापक मी एकदा नाही, बऱ्याचदा बघितला. गावातून किती कोयते कधी जाणार हे मुकादमाला उचल देतानाच, पावसाळ्यातच, ठाऊक असते. खात्याला ते डिसेंबरात कळते.

राहिली तुमची शाळा. तुम्ही अध्यक्ष आहात, तेव्हा तीन आकडे एका कागदावर मागा : सप्टेंबरअखेरचा पट, जानेवारीच्या कॅटलॉगमधली सरासरी हजेरी, आणि त्याच जानेवारीत खिचडी खाणाऱ्यांची रोजची सरासरी. तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर गुरुजींवर ओरडू नका, आधी कोठीतली गोणी काट्यावर ठेवा. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात मोठी दरी असेल तर न येणाऱ्या मुलांची नावे काढून समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचा. गावात बसून प्रत्येक नावापुढे "कुठे आहे" हे तासाभरात लिहून होते, त्याला ना आधार लागते ना ॲप. जी फडावर असतील त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गणपतीच्या आत तालुक्याला द्या आणि पोच घ्या. जी बाहेरगावी जाणारच असतील त्यांना निघायच्या आधी शिक्षण हमी कार्ड हातात द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येईल. आणि ज्या नावापुढे अख्ख्या गावाला काहीच लिहिता येणार नाही, ते नाव मात्र त्याच बैठकीत मुख्याध्यापकांना विचारा.